आपाची ओळ

रिकामं घर दाखवायला नेलं की आपा आधी जमिनीवर बसायची. घरमालक फरशी दाखवत असायचा, भाडेकरू नळ उघडून बघत असायचा आणि ही बाई बांगड्यांची टोपली बाजूला ठेवून खोलीच्या मधोमध मांडी घालून, डोळे मिटून बसलेली. दोन-तीन मिनिटं कुणाशी बोलायची नाही. मग डोळे उघडून सांगायची, "इकडच्या भितीमांगं सासूसुनेचं पटत नाही. तिकडं लहान लेकरू हाये. पण मोटारीचा आवाज आला, पाणी चांगलं हाये. घे हे घर." डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता. "डोयाले तं चुना मारलेली भित बी चांगलीच दिसते बाई. घर कानानं पाह्य."

तिचं खरं नाव पांढरकवड्यात फार थोड्यांना ठाऊक असेल. आम्ही सगळ्या तिला आपाच म्हणायचो. धंदा बांगड्यांचा. दुपारी पुरुष माणसं कामावर गेली की डोक्यावर टोपली घेऊन ती गल्लीत शिरायची. हाक द्यायची नाही, नुसती फाटकाची कडी वाजवायची. बांगड्या भरताना बाईचा हात तिच्या हातात असायचा, आणि असा हात धरला की बाया बोलायला लागतात. कुणाच्या नवऱ्याची बदली झाली, कुणाच्या वरच्या खोल्या रिकाम्या झाल्या, कुणाला प्लॉट काढायचा आहे, हे सगळं आपाला त्या घरातल्या पुरुषांच्याही आधी कळायचं. त्यातूनच गावात नव्यानं आलेल्यांना खोल्या मिळवून देण्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. दलाली विचारली तर हसायची. म्हणायची, "नव्या घरातला पयला चहा मले पाज. बस."

मी या गावात आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नवरा अपघातात गेला आणि त्याच्या जागी मला नोकरी लागली. कडेवर दीड वर्षाचा मंगेश, हातात एक पत्र्याची पेटी. चार दिवस खोली शोधत फिरले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच, "मालक कुठं असतात?" नवरा नाही म्हटलं की खोली आधीच कुणीतरी घेतलेली असायची. पाचव्या दिवशी ऑफिसमधल्या एका बाईनं मला आपाकडे पाठवलं. आपानं काही विचारलं नाही. मंगेशला माझ्याकडून घेतलं, स्वतःच्या कडेवर बसवलं आणि चालायला लागली. एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या दारात उभी राहिली. म्हातारीनं नेहमीचा प्रश्न विचारला. आपा म्हणाली, "मालक ह्याच. नोकरी ह्याच करतेत, घर ह्याच चालवतेत, मंग मालक आणखी कोण पाहिजे?" म्हातारीनं खोलीची किल्ली काढून दिली. त्या घरात मी अकरा वर्षं काढली.

सामान लावून झालं त्या दिवशी आपा पहिला चहा प्यायला आली. चहा पिऊन तिनं माझा हात ओढला आणि हिरव्या काचेच्या चार-चार बांगड्या भरायला घेतल्या. मी हात मागे घेतला. म्हटलं, "आपा, मला नाही चालत." ती थांबली नाही. माझी बोटं दाबत, वळवत म्हणाली, "हात तुह्या आईच्या पोटातून आला नं? त्या टायमाले तुहा नवरा होता का संगं?" सासर सुटल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले. आपा बांगड्या भरत राहिली. एकही फुटू दिली नाही.

माणसांना घर न देण्याच्या ज्या ज्या तऱ्हा असतात त्या तिला पाठ होत्या, आणि त्यांचा तिला मनापासून राग होता. सुनीता नावाची एक कोलाम मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून आली होती. पोडावरून, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरून, शिकून वर आलेली, फारच कमी बोलणारी. तिला चार घरांतून परत पाठवलं. आपा चारही घरी पुन्हा गेली आणि प्रत्येक मालकिणीला दारात उभं राहून ऐकवून आली, "आडनाव इचारता. पाणी कधी येते, लाईट कधी जाते, हे तं ती इचारून राह्यली होती, तुमी नाही सांगतलं. उद्या बाळंतपणात हीच येईन तुमच्या सुनेजवळ. तवा काय इचारसान?" मग खोली मिळेपर्यंत सव्वा महिना सुनीताला तिनं आपल्याच घरी ठेवून घेतलं. आपाचं घर म्हणजे बाजाराच्या मागे, मशिदीजवळच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. तिथं आपा, तिचा नवरा आणि सुनीता. नवऱ्याला आम्ही मामू म्हणायचो. हायवेवर ट्रकची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्या महिन्यात तो पडवीत झोपला.

आम्ही राहतो ते लेआऊटसुद्धा आपानंच वसवलं म्हटलं तरी चालेल. हायवेच्या पलीकडे पऱ्हाटीचं, कापसाचं शेत होतं. मालकानं ते एनए करून प्लॉट पाडले. विकणारा माणूस हिवाळ्यात जीपमधून लोकांना आणायचा, कोरडी जमीन दाखवायचा. आपा आम्हाला भर श्रावणात घेऊन गेली. साड्या पोटऱ्यांपर्यंत खोचलेल्या आम्ही सात जणी आणि पुढे आपा, हातात चपला घेऊन. चिखलात काठी खुपसत सांगत होती, "हा खोलगट हाये, नाल्याची वाट हाये ही. घर बांधलं का दरसाल चूल पोहीन. तो कोपऱ्याचा बी नोको. ह्या लाईनीतले घ्या, सातही जनी एका लाईनीत. एकीच्या घरी कायी झालं तं सहा जनी धावल्या पायजे." आम्ही तसेच घेतले. कुणी शिक्षिका, कुणी ग्रामसेवकाची बायको, कुणी शिवणकाम करणारी. माझ्या शेजारच्या प्लॉटवर कल्पनाताई आल्या. त्यांचे यजमान शाळेत गुरुजी होते. घरं उभी राहिली तशी पोस्टमन, गॅसवाला, रिक्षावाले त्या गल्लीला 'आपाची ओळ' म्हणू लागले. अजूनही म्हणतात. पुढे ग्रामपंचायतीच्या की कुणाच्या पाटीवर दुसरंच नाव लागलं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

"आपा, तूपण घे ना एक प्लॉट," मी म्हटलं होतं. तेव्हा तिला जमलंही असतं. ती म्हणाली, "मले कायले? माह्यं घर हाये नं." त्या दोन खोल्यांच्या मालकानं, एका जुन्या शेटजींनी, तिला तोंडी शब्द दिला होता की तू जिवंत आहेस तोवर इथंच राहा. आपाला तेवढं पुरेसं होतं. जिनं सगळ्या गावाला भाडेचिठ्ठी लिहून घ्यायला शिकवलं, तिनं स्वतःसाठी कधी कागद केला नाही.

एकदा माझं आणि कल्पनाताईंचं हातभर जागेवरून वाजलं. कंपाउंडची भिंत कुठून घालायची यावरून आम्ही दोघी तीन महिने एकमेकींशी बोलत नव्हतो. आपा एक दिवस टोपली घेऊन आली आणि नेमकी त्या वादाच्या पट्ट्यावर बसली. मला या बाजूनं बोलावलं, त्यांना त्या बाजूनं. माझा डावा हात धरला, त्यांचा उजवा. एक बांगडी मला, एक त्यांना, अशा भरत गेली. भरून झाल्यावर म्हणाली, "आता उठा. मले इथून उठवून भित कोण घालते ते पाहू." आम्ही दोघी हसलो. त्या पट्ट्यात आज कढीपत्ता आहे, दोन्ही घरांच्या फोडणीला पुरतो.

वर्षं गेली. मंगेश शिकून पुण्याला नोकरीला लागला, तिथंच त्यानं लग्न केलं. मी निवृत्त झाले. त्याच्यासाठी म्हणून मागच्या अंगाला बांधलेल्या दोन खोल्या बंदच राहिल्या. वेगळं दार, वेगळा नळ, एकही पायरी नाही. मधल्या काळात लेआऊट वाढलं, ओळीच्या मागे आणखी ओळी झाल्या. मोकळ्या जागेवर मंदिर झालं, त्याच्या ओट्यावर महिन्याला बैठक होऊ लागली. अशाच एका बैठकीत कुणीतरी ठराव वाचून दाखवला की यापुढे घर विकताना किंवा भाड्यानं देताना आपल्याच माणसाला द्यायचं. 'आपलं माणूस' म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. मी सही केली. खरं सांगते, सही करताना आपाचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आपा कुठं त्यांच्यातली होती? आपा तर आपा होती.

त्यानंतर वर्षभरात शेटजी वारले. मुलांनी ती जागा विकली, तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स होणार होतं. मुलं वाईट नव्हती. त्यांनी आपाला तीन महिन्यांचा अवधी दिला, हात जोडून दिला. तोवर मामूला दम्यानं पार खिळवून टाकलं होतं. चार पायऱ्या चढला की त्याचे ओठ निळे पडत. आपाला खालच्या मजल्यावरच्या, हवा खेळती असलेल्या दोन खोल्या हव्या होत्या. जुन्या वस्तीत अशी जागा उरली नव्हती. सगळीकडे खाली दुकान आणि वर खोल्या. तिचं वय सत्तरीला आलं होतं, पण टोपली डोक्यावरून उतरली नव्हती.

ती माझ्याकडे आली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. चैत्राचं ऊन होतं. पाणी प्यायली. मंगेशची खुशाली विचारली. मग म्हणाली, "मांगच्या खोल्या पाहू दे नं जरा." मी किल्ली घेतली. दार उघडलं. आपा आत गेली, खोलीच्या मधोमध बसली आणि तिनं डोळे मिटले. मी दारात उभी. इतकी वर्षं तिला दुसऱ्यांसाठी असं बसलेलं पाहिलं होतं. या वेळी ती जरा जास्त वेळ बसली. बाहेर कढीपत्त्यावर बुलबुल बोलत होते. डोळे उघडून ती म्हणाली, "इथं आवाज चांगला हाये. मामूले झोप लागन."

मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "कोनाले देऊन राह्यली का?"

मला ओट्यावरचा कागद आठवला. शेजारच्या गुरुजींचा, कल्पनाताईंच्या यजमानांचा, चेहरा आठवला. रोज सकाळी दूध आणणाऱ्या, आजारपणात डबा पोचवणाऱ्या माणसांचे चेहरे आठवले. मी एकटी बाई आहे, असं मनाला सांगितलं. आणि मी म्हणाले, "नाही गं आपा... म्हणजे मंगेशची बदली होतेय नागपूरला. तो येऊन-जाऊन राहील इथं. त्याला लागतील."

तीस-पस्तीस वर्षं तिनं घरोघरच्या दारांत हीच उत्तरं ऐकली होती. भाचा येणार आहे, रंग द्यायचा आहे, धान्य भरायचं आहे. खरं उत्तर कसं ऐकू येतं आणि खोटं कसं, हे तिच्याइतकं कुणाला कळत होतं? ती जमिनीला हात टेकून उठली. साडी झटकली. "हो नं," म्हणाली, "पोराले तं लागतेच." नेहमीसारखा मी तिच्या टोपलीला हात लावला, ती तिनं डोक्यावर घेतली. फाटकाशी थांबून म्हणाली, "खिडक्या उघडत जाय अधूनमधून. बंद खोलीले वास धरते." आणि गेली.

मी आत येऊन मंगेशला फोन केला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. "आई, काय झालं?" तो विचारत राहिला. मी म्हटलं, काही नाही, सहज केला. रात्रभर स्वतःला समजावलं की उद्या जाईन, म्हणेन, ये राहायला, कोण काय म्हणतं ते बघू. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले नाही. आठवड्यानं कळलं की आपा आणि मामू उमरखेडला निघून गेले, तिच्या भावाकडे. सामान न्यायला छोटा टेम्पो आला होता, आणि तोही निम्मा रिकामाच गेला म्हणे. बांगड्यांची टोपली मात्र तिनं मांडीवर घेतली होती.

चार-पाच महिन्यांनी मामू गेल्याचं कळलं, तेव्हा मी उमरखेडला गेले. यवतमाळला गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार टळली. भावाच्या घरी जिन्याखालच्या जागेला पडदा लावून आपाची खाट टाकलेली होती. मला बघून ती उठून बसली. तिचे हात किती लहान झाले होते! मी काय बोलणार हे बसमध्ये सगळं जुळवून ठेवलं होतं. तिचा हात धरून मी म्हटलं, "आपा, मी त्या दिवशी..." ती म्हणाली, "चहा घे पयले, थंडा हून राह्यला." मग मामूच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगितलं. वहिनी चांगली आहे, सांगितलं. सुनीता आता इकडच्याच दवाखान्यात आहे, दर आठवड्याला येऊन जाते, औषध देते, तेही सांगितलं. मी निघायला उठले तेव्हा तिनं विचारलं, "मंगेशची झाली का मंग बदली? आला का घरी?"

तिनं ते जाणूनबुजून विचारलं की सहज, हे मला आजही माहीत नाही. तिच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही, टोमणा दिसला नाही. खरं बोलायला देवानं दिलेली ती दुसरी संधी होती. मी म्हटलं, "नाही गं. रद्द झाली."

"बरं," आपा म्हणाली. "अशीच होत राह्यते सरकारी कामं."

मंगेश सरकारी नोकरीत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

गेल्या पौषात सुनीताचा फोन आला. सकाळी आपा गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही. "तुम्हाला कळवायचं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं," सुनीता म्हणाली. पुढे आणखी काही बोलावं असं तिला वाटत नव्हतं आणि विचारावं अशी माझी हिंमत नव्हती. मी फोन ठेवला. मग कल्पनाताईंकडे गेले. त्या अंगणात उन्हाला तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी सांगितलं. त्यांचा हात सुपातच राहिला. त्यांचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, आता आम्ही दोघी मिळून तिच्या आठवणी काढू, रडू, आणि थोडं हलकं वाटेल.

मी म्हटलं, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचंय. आपा माझ्याकडे खोल्या मागायला आली होती. मी नाही म्हटलं. खोटं बोलले."

कल्पनाताईंनी सूप बाजूला ठेवलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "माझ्याकडे पण आली होती हो. त्याच दिवशी. आमची समोरची खोली मागितली. मी म्हटलं, हे ऐकणार नाहीत. ओळीतल्या साऱ्या घरी ती जाऊन आली होती, सकाळपासून. सगळ्यांनी काही ना काही सांगितलं."

मी त्यांच्याजवळ खाली बसले.

"मला फार वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, आपा, राग नको धरू. तर ती हसली. म्हणाली, तुमी कायले जीव जाळता बाई? एक घर मी मुद्दाम शेवटाले ठेवलं हाये. सगळ्याईनं नाही म्हटलं तरी तिथून मले कोनी वापस नाही पाठवत."

"मग?"

"मग टोपली उचलली," कल्पनाताई म्हणाल्या, "आणि तुमचं फाटक उघडून आत गेली."